निरंक

कुंडईला, वसाहतीच्या तिसऱ्या शेडमागे
आमच्या कंपनीची तिजोरी आहे.
सोनं नाही तिच्यात,
चौऱ्याण्णव पानांची एक कृती आहे,
आणि त्या कृतीत कुठल्याच पदार्थाला
त्याचं स्वतःचं नाव नाही.
निळं पिंप. पिवळं पिंप. डी-चार. पाहुणा.
माल आणून टाकणाऱ्यालाही कळू नये
आपण काय शिजवतो.
पाहुणा किती वेळ ठेवायचा, मला ठाऊक आहे,
कारण नोंदवह्या मी सांभाळते.
प्रत्येक पानाखाली माझी सही :
वाचलं, समजलं.
समजलेलं नसतं कितीदा. सही असते.

पेटंट का नाही घेत, मी एकदा विचारलं होतं.
कारापूरकरसाहेब म्हणाले,
पेटंट म्हणजे गावाला बोलावून कुलूप कसं उघडतं ते दाखवायचं,
वीस वर्षं राखणदार ठेवायचा,
मग जत्रा.
त्यापेक्षा गप्प बसावं, सुकांतीबाय.
गप्प बसण्याला मुदत नसते.

पान एकशे अठरा. रात्री दोन चाळीस. वीज गेली.
थंड पाण्याचा पंप बंद, जनरेटर मुका,
आणि रात्रपाळीला एकटा उल्हास माजीक.
त्याने पोती भिजवली, भांड्यावर पांघरली,
सुकली की पुन्हा भिजवली,
ढवळणीचं चाक हाताने फिरवत राहिला
पहाटेपर्यंत, एका चालीत.
सकाळी गाळणीवर नेहमीचा लगदा नव्हता.
सुया होत्या. पांढऱ्या, लांब,
मुठीत घ्याव्या तर वाळूसारख्या निसटणाऱ्या.
साहेब बूट न काढता आत धावले होते.

वहीत गेलं : नियंत्रित संथ शीतन.
पोत्याचा उल्लेख नाही.
संशोधक दोन, दोन्ही डॉक्टर.
माजीकला त्या दिवाळीला भिंतीवरचं घड्याळ मिळालं.

आज तो निवृत्त होतोय.
एचआरची लविना एकेक जमा करून घेते :
ओळखपत्र, बूट, चष्मा, कपाटाची किल्ली.
शेवटी एक कागद :
सांगणार नाही, लिहून देणार नाही, चितारणार नाही,
प्रतिस्पर्ध्याला नाही, सग्यासोयऱ्याला नाही.
माजीक ओळीखाली बोट धरून वाचतो.
मग हात पुढे करतो, तळवे वर.
"आनी हातांत आसा तें?
तें खंयच्या मेजार दवरूं?"
लविना हसली.

चहा पिताना तो सांगत होता,
सहज, कुणी विचारलं नसताना :
सत्तरीत केरीच्या पुढे बापाची भाटी होती,
काजूच्या दिवसांत लवणीवर ओलं पोतं,
रात्रभर तोच राखायचा, नऊ वर्षांचा.
घाई केली की वास जळतो, बाप म्हणायचा,
आणि येईल त्याला सांगायचा,
शेजारच्या भाटीवाल्यालासुद्धा,
ऐकून ऐकून तो कंटाळायचा.

मी कप ठेवला आणि दप्तरात गेले.
बावीस वर्षांपूर्वीची फाईल, कडा वाळवीने कुरतडलेल्या.
परिशिष्ट तीन :
रुजू होण्यापूर्वी आपल्याकडे असलेलं ज्ञान, कृती, शोध.
तपशील द्यावा.
पुढे एकच शब्द, ठळक, तिरपा.
निरंक.

अक्षर माझं आहे.

आठवलं : जेवणाची घंटा झाली होती,
तो विचारत होता, हांगा कितें बरोवप?
आणि मी, नोकरीला तीन महिने झालेली,
म्हटलं होतं, तुमचं काय असणार इथे,
आण इकडे, मी भरते.

फाटकावर रखवालदाराने पिशवी उघडली.
डबा, पंचा, भिंतीवरचं घड्याळ,
आणि तळाशी घडी घातलेलं पोतं.
बाहेर जाणाऱ्या वस्तूला पास लागतो,
पासवर माझी सही.
वस्तू : पोतं, एक. रिकामं. ओलसर.
परत येणार? नाही.
कारण?
त्या रकान्यात मी लिहिलं, त्याचंच आहे.
रखवालदार म्हणाला, बाय, हें कारण न्हय.
शिक्का नीट उमटला नाही,
मी पुन्हा मारला.